लोहारकाम ही शिवी केव्हापासून झाली?

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्राला गेले होते. विषय नव्या ग्रामीण कवितेचा होता आणि बोलणारे गृहस्थ समीक्षक म्हणून नाव मिळवलेले होते. एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहाविषयी बोलताना त्यांनी हात झटकला आणि म्हटले, "ही कविता नव्हे, हे लोहारकाम आहे. शब्द तापवले, ठोकले, जोडले, झाले!" सभागृह हसले. मीही हसले. अशा ठिकाणी हसण्याची आपल्याला सवयच लागलेली असते.

परतीच्या एस.टी.त माझ्याबरोबर आलेला एम.ए.चा विद्यार्थी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "मॅडम, माझे वडील लोहारकाम करतात. त्या सरांनी कधी कुणाला काम करताना पाहिलं असेल का हो?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता, कुतूहल होते. म्हणूनच तो अधिक लागला. त्या वेळी मी काहीतरी सारवासारव केली. हा लेख त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ते त्या विद्यार्थ्यापेक्षा आपल्या सर्वांसाठी आहे. कारण ते वाक्य त्या समीक्षकांचे एकट्याचे नव्हते. आपण वर्षानुवर्षे वर्गात जे शिकवतो त्याचाच तो सारांश होता.

आपली परिभाषा पाहा. मराठी समीक्षेत शब्दांच्या दोन रांगा आहेत. एका रांगेत प्रतिभा, स्फूर्ती, अनुभूती, निर्मिती, उत्कटता. दुसऱ्या रांगेत कारागिरी, कसब, जुळवाजुळव, रचनाचातुर्य. दुसऱ्या रांगेतल्या कोणत्याही शब्दामागे 'नुसती' किंवा 'नुसते' लावले की लेखकाचा निकाल लागला. हे निंदेचे शब्द येतात तरी कुठून? 'ठिगळे लावली आहेत' हे शिंप्याकडून, 'साच्यातले लेखन' हे ओताऱ्याकडून, 'पाट्या टाकल्या आहेत' हे मजुराकडून. 'ठाकूनठोकून बसवले' हे सुतार-लोहारांकडून.

पण आपल्या स्तुतीचे शब्द तरी कुठले आहेत? रेखीव, कोरीव, घडीव, घाटदार. कादंबरीची 'वीण', कवितेचा 'पोत'. हेही त्याच आळीतून आलेले आहेत. म्हणजे आपण एक विलक्षण वाटणी करून ठेवली आहे: घडलेल्या वस्तूचे गुण स्तुतीसाठी उचलायचे आणि ती घडवणाऱ्याचे श्रम निंदेसाठी. घाट आपला, घाव त्याचे. ही वाटणी निरागस आहे असे ज्याला वाटते त्याने आपल्या गावाचा नकाशा पुन्हा एकदा पाहावा.

या वाटणीला आपण सिद्धान्ताचा आधार देतो. तो बहुधा क्रोचे आणि कॉलिंगवुड यांच्याकडून आलेला असतो. क्रोचे यांच्या मते कलाकृती मनातल्या अंतःप्रेरणेत पूर्ण होते. ती कागदावर, दगडात, रंगांत उतरवणे हा नंतरचा, तंत्राचा भाग. कॉलिंगवुड यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' या ग्रंथात कला आणि कारागिरी यांतला भेद अधिक रेखून दाखवला. कारागिरीत साधन आणि साध्य वेगळे, योजना आणि अंमल वेगळे, कच्चा माल आणि तयार वस्तू वेगळी. कारागिराला काय बनवायचे आहे ते बनवण्यापूर्वीच ठाऊक असते. कलावंताला आपल्याला काय व्यक्त करायचे होते ते व्यक्त केल्यावरच कळते. हे समजावताना ते ज्या उदाहरणांकडे वळतात त्यांत घोड्याचा नाल घडवणारा लोहारही आहे. म्हणजे आपल्या सभागृहातले हसू तसे बरेच जुने आहे.

कॉलिंगवुड यांच्यावर अन्याय करायचा नाही. एकच वस्तू कला आणि कारागिरी दोन्ही असू शकते हे त्यांनी मान्य केलेले आहे. त्यांचा भेद हा दोन प्रकारच्या कृतींतला होता. आपण तो दोन प्रकारच्या माणसांतला करून टाकला. इथे मुळातली चूक आहे. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'सारखा (१९७४) प्रत्येक संकल्पना तपासून पाहणारा ग्रंथ असताना आपण वर्गात मात्र नोट्समधली दोन रकान्यांची तालिका फळ्यावर काढतो: डावीकडे कलावंत, उजवीकडे कारागीर.

आणि परंपरेचा हवाला द्यायचा तर तोही नीट द्यावा. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन नावे घेतली आणि शब्द वापरला 'हेतु', एकवचनी. तीन हेतू नव्हेत. तिघांचा मिळून एक हेतू, असे त्याने वृत्तीत मुद्दाम स्पष्टही केले. जगन्नाथ पंडिताने पुढे केवळ प्रतिभेलाच कारण मानले हे खरे. पण तो वाद होता, निकाल नव्हे. आपण परीक्षेत मम्मटावर दहा गुणांचे टिपण लिहून घेतो आणि चर्चासत्रात अभ्यासाला शिवी देतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. लोहार काम करतो म्हणजे काय करतो?

पहिली गोष्ट म्हणजे त्याला वेळ नसतो. आगटीतून लोखंड बाहेर काढले की ते थंड होऊ लागते. पातळ पट्टी असेल तर काही सेकंदांतच. तेवढ्यात ऐरणीवर तिला कुठून ओढायचे, कुठे दाबायचे, कुठे थांबायचे हे ठरवावे लागते. ठरवणे आणि मारणे यांत अंतर उरत नाही. रंग उतरला की पुन्हा आगटीत. फार तापवले, पांढऱ्या रंगाच्या पुढे जाऊन लोखंडातून ठिणग्या उडू लागल्या, की ते जळाले. ते काही केल्या पूर्ववत होत नाही. 'योजना आधी, अंमल नंतर' हे सूत्र लिहिणाऱ्याने ही घाई पाहिलेली नसते.

दुसरी गोष्ट 'पाणी देणे'. छिन्नी किंवा वाकस घडवून झाला तरी तो अजून हत्यार झालेला नसतो. पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत, लालभडक तापवून पाण्यात बुडवले की ते अत्यंत कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा हळू ऊब द्यायची. घासून उजळ केलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरू लागतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग सरकू लागतात: सुमारे २२० अंशांवर गवतासारखा फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. वस्तऱ्याची धार पिवळ्यावर थांबवायची. घणाचा मार खाणाऱ्या छिन्नीला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. हवा तो रंग धारेपर्यंत आला त्या क्षणी हत्यार पाण्यात. क्षण चुकला तर धार दुमडते किंवा तुकडा उडतो. कठीणपणा आणि लवचीकपणा यांचा हा तोल कोणत्याही पुस्तकातून हातात येत नाही. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला यतीचे स्थान जसे कानाने कळते तसे हे डोळ्याने कळते.

तिसरी गोष्ट, बैलगाडीच्या चाकाची धाव. लोखंडी धावेचा आतला घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायचा. मग ती गोवऱ्यांच्या आरात तापवायची, प्रसरण पावली की लाकडी चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकुंचन पावताना ती सारे चाक आवळून धरते. घेर फार लहान ठेवला तर आरे ताणाखाली येतात. मोठा राहिला तर धाव पुढच्या उन्हाळ्यात निखळते. किती लहान ठेवायचा हे लाकूड किती सुकले आहे ते पाहून ठरते. हा आशय आणि आकृतिबंध यांचा संबंध नाही तर दुसरे काय आहे?

कोणी म्हणेल, हे सारे कौशल्य झाले. कला कुठे आहे? रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा एका माणसाच्या हयातीत शोधू. ती हयात अमेरिकेतली आहे. कारण तिची नोंद कोणीतरी नीट करून ठेवलेली आहे. आपल्याकडे अशी नोंद का नाही, तेही पुढे पाहू.

फिलिप सिमन्स यांचा जन्म १९१२ साली साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहराजवळच्या डॅनियल आयलंडवर, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी ते पीटर सिमन्स यांच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागले. आडनाव एकच, नाते काही नाही. पीटर हे गुलामगिरीत जन्मलेले. त्यांना हा धंदा त्यांच्या वडिलांनी शिकवलेला, आणि तेही गुलाम म्हणूनच लोहारकाम करीत आलेले. दुकानात येणारे काम अगदी आपल्या गावातल्यासारखे: घोड्यांचे नाल, गाड्यांच्या चाकांच्या धावा, हत्यारे, बंदरातल्या होड्यांचे लोखंडी सामान. मग मोटारी आल्या आणि घोडागाड्या ओसरल्या. धंदा बसायच्या बेतात आला. १९३८ च्या सुमारास सिमन्स शोभिवंत लोखंडकामाकडे वळले.

ते कसे वळले हे नीट पाहण्यासारखे आहे. चार्ल्सटन हे अठराव्या शतकापासून लोखंडी फाटके, कठडे आणि सज्जे यांचे शहर. ही जुनी फाटके दुरुस्तीला येऊ लागली. मोडलेले वेटोळे पुन्हा घडवायचे म्हणजे ते पहिल्यांदा घडवणाऱ्याचा हात कसा फिरला असेल हे आपल्या हाताने शोधायचे. हे वाचन नव्हे काय? जुन्या कवींच्या ओळी पाठ करणाऱ्या नव्या कवीचे याहून काय वेगळे चाललेले असते? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवे लोखंड मिळत नव्हते, तेव्हा किंग स्ट्रीटवरच्या एका कापड व्यापाऱ्यासाठी त्यांनी भंगारातून फाटक घडवले. पुढच्या आयुष्यात फाटके, कठडे, सज्जे मिळून ५०० हून अधिक कामे त्यांच्या हातून उतरली.

त्यांतले एक गॅड्सडेन हाउसचे फाटक. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या क्रिस्टोफर गॅड्सडेन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ध्वजावर खुळखुळ्या साप आहे. म्हणून फाटकात साप हवा होता. सापाचे वेटोळे सिमन्स यांच्या हाताला सोपे होते. वेटोळी त्यांनी जन्मभर घडवली होती. अडले ते डोळ्याशी. बसवलेला डोळा मेलेल्या सापाचा दिसू लागला. त्यांनी तो काढला, दुसरा घडवला, पुन्हा पाहिले, पुन्हा बदलला. साप जिवंत दिसेपर्यंत हे चालू राहिले.

आता कॉलिंगवुड यांचे सूत्र लावून पाहा. आपल्याला कसा डोळा हवा आहे हे सिमन्स यांना आधी ठाऊक होते का? नव्हते. 'हा नव्हे' एवढेच कळत होते. हवा तो डोळा घडल्यावरच 'हाच' हे कळले. कलावंताचे म्हणून जे लक्षण सांगितले जाते ते तंतोतंत इथे आहे. आणि ते ऐरणीवर आहे, हातोड्याखाली आहे, गिऱ्हाइकाने सांगितलेल्या कामात आहे. त्याच हातांनी, कदाचित त्याच दुपारी, एखादी बिजागरीही घडली असेल. म्हणजे कला आणि कारागिरी यांमधली रेघ असलीच तर ती एका माणसाच्या एका दिवसाच्या कामातून जाते. दोन जातींमधून, दोन आळ्यांमधून, विद्यापीठ आणि बाजारपेठ यांमधून ती जात नाही.

१९७६ साली वॉशिंग्टनमधल्या लोकजीवन महोत्सवात सिमन्स यांनी तारे आणि मासा असलेले एक फाटक लोकांसमक्ष घडवले. ते आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. १९८१ मध्ये जॉन मायकल व्लाच या अभ्यासकाने त्यांच्या कामावर 'चार्ल्सटन ब्लॅकस्मिथ' हे पुस्तक लिहिले. १९८२ साली अमेरिकेतला राष्ट्रीय वारसा सन्मान सुरू झाला आणि त्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ते होते. २००९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते वारले. संग्रहालयात गेल्यावरही त्यांनी स्वतःला लोहारच म्हणवून घेतले. 'शिल्पकार' या पदोन्नतीची त्यांना गरज वाटली नाही.

मर्ढेकर शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना. संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे त्यांनी फक्त कवितेसाठी मांडलेली नाहीत. ती सर्व कलांसाठी आहेत. सरळ उभ्या गजांमधून वळत जाणारे वेटोळे हा विरोध, एका झडपेतल्या वळणाला दुसऱ्या झडपेतल्या वळणाने दिलेली साद हा संवाद, आणि फाटक बंद झाल्यावर मिळणारा सगळ्याचा तोल. एकदा हा पाठ एखाद्या लोखंडी फाटकासमोर उभे राहून घ्यावा. मुलांना मर्ढेकर पहिल्यांदा समजतील.

आता आक्षेप. पहिला: सगळेच लोहार असे नसतात. मान्य. शंभर फाटकांतली नव्वद केवळ फाटके असतात. पण शंभर कवितासंग्रहांचे तरी काय होते? निर्जीव काम दोन्हीकडे असते. आपण मात्र निर्जीव कवितेला 'फसलेली कविता' म्हणतो आणि फाटकाचा विचारच करत नाही. कवितेला फसण्याचा तरी मान मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा श्रमाचा भाबडा गौरव नव्हे काय? भात्याच्या धुराने डोळे गेलेल्या माणसाला 'कलावंत' म्हणून कोणाचे पोट भरणार? हा धोका मी ओळखते. 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटाने लोहाराचे घर मराठी मनात कायमचे नेऊन ठेवले, आणि आपण ते गाणे ऐकून गहिवरतो. गहिवर संपला की पुन्हा 'नुसती कारागिरी' म्हणायला मोकळे. असा गहिवर मला नको आहे. मला लोहाराची स्तुती नको, त्याच्या कामाची समीक्षा हवी आहे. स्तुती दुरून करता येते. समीक्षेसाठी जवळ जावे लागते, वस्तू हातात घ्यावी लागते, हा विळा बरा आणि तो का नाही हे सांगावे लागते.

नोंद का नाही, त्याचे उत्तर इथे आहे. जुन्या गावव्यवस्थेत सुतार आणि लोहार बलुतेदारांच्या थोरल्या कासेत मोडत. त्यांच्यावाचून शेतीचे पान हलत नसे. त्रिंबक नारायण अत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. पण बलुते वस्तूवर नव्हे, वर्षाच्या चाकरीवर ठरलेले असे. ज्या व्यवस्थेत वस्तूची पारख करून मोल ठरत नाही, तिथे वस्तूखाली नावही येत नाही. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली आणि तो पहिल्या बाजीरावाने बांधला, हे शाळेतले पोर सांगते. दिल्ली दरवाजावरचे ते अणकुचीदार खिळे कोणी घडवले, हा प्रश्न शाळेत नाही, महाविद्यालयात नाही, पीएच.डी.च्या विषयांच्या यादीतही नाही. सिमन्स मोठे झाले ते आपल्या कामाने. पण जगाला ते कळले, कारण एक अभ्यासक वही घेऊन त्यांच्या दुकानात जाऊन बसला. आपल्या अभ्यासकाने वही उघडली ती 'नुसती कारागिरी' असे लिहिण्यासाठी.

याचा परिणाम साहित्यावर होतो, म्हणून हा वाद साहित्याच्या पानावर घालते आहे. दरवर्षी आपल्या वर्गात कारागिरांच्या, शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या घरांतली मुले येतात. लिहायला बसण्यापूर्वीच त्यांना आपण शिकवतो की घडवणे हे हलके आणि स्फुरणे हे श्रेष्ठ. घरून आणलेली मोठी पुंजी, म्हणजे पुन्हा पुन्हा करून पाहण्याची सवय, चुकले ते मोडून टाकण्याची तयारी, वस्तू नीट उतरेपर्यंत गिऱ्हाइकाला न देण्याची चाड, ते वर्गाबाहेर ठेवून येतात. मग पहिला खर्डा हीच त्यांची शेवटची प्रत होते, कारण स्फुरलेल्याला हात कसा लावायचा?

शेवटी त्या संग्रहाविषयी. चर्चासत्रानंतर मी तो मिळवून दोनदा वाचला. त्यात चारपाच कविता चांगल्या आहेत. बाकीच्या कच्च्या आहेत: प्रतिमा एकमेकींशेजारी ठेवलेल्या, सांधलेल्या नव्हेत, ओळी लांबलेल्या, ओढून धारेवर आणलेल्या नव्हेत. समीक्षक महाशय म्हणाले होते, शब्द तापवले, ठोकले, जोडले. खरोखर तसे झाले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती. त्या कवितांचा दोष त्या लोहारकाम आहेत हा नाही. त्यांच्यावर लोहारकाम झालेलेच नाही, हा आहे.

हे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे लोखंड थंड असतानाच ठोकलंय." मराठी समीक्षेला मी आजवर वाचलेल्या अनेक शेऱ्यांपेक्षा हा शेरा अधिक नेमका आहे. तो त्याने आपल्या वडिलांच्या दुकानातून आणला होता. माझ्या वर्गातून तो त्याला मिळाला नव्हता, याची मला लाज वाटली.